बारावीचं इंग्रजी पुस्तक, पीएचडीच्या टेबलावर



मागच्या लेखात आपण सिनॉप्सिस कसा बांधायचा ते बघितलं. त्यानंतर जे प्रश्न आले, त्यातला एक पुन्हा पुन्हा येत होता. "ताई, पेपर वाचायला घेतो, दुसऱ्या परिच्छेदातच अडकतो. इंग्रजी कच्चं आहे. स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का?"

उत्तर लिहायचं राहूनच गेलं. मग दिवाळीत गावी आले. मामेबहीण बारावी सायन्सला आहे. तिच्या टेबलावर फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीच्या जाडजूड पुस्तकांखाली इंग्रजीचं पुस्तक दबलेलं होतं. कोरं, कडक, वास अजून नवा. मी उचललं तर ती म्हणाली, "ते कायले वाचते ताई? इंग्रजीत पास झालं की पुरे. नीटमध्ये तर इंग्रजी येतच नाही."

तिचं काही चुकलं नाही. मीसुद्धा बारावीत हेच म्हणत होते. पण ते पुस्तक मी दोन दिवसांत पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. माझ्या वेळचं पुस्तक वेगळं होतं, त्यामुळे हे मला नवीनच होतं. आजचा लेख म्हणजे त्या पुस्तकाचं परीक्षण समजा. मी इंग्रजीची शिक्षिका नाही. दिवसभर पेपर वाचणारी आणि त्यातले निम्मे पहिल्यांदा चुकीचे समजणारी झूलॉजीची विद्यार्थिनी आहे. त्याच नजरेनं लिहितेय.

आधी माझी फजिती

माझा विषय गुलाबी बोंडअळी. वर्धा जिल्ह्यातल्या कुणाला ती काय चीज आहे हे सांगायची गरज नाही. २०१७ च्या हंगामात विदर्भात तिनं काय केलं ते आपण सगळ्यांनी घरातच बघितलं. अळी एकदा बोंडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून कधी फवारायचं हाच खरा प्रश्न असतो. त्यासाठी शेतात कामगंध सापळे लावतात. सलग तीन रात्री एका सापळ्यात सरासरी आठ किंवा जास्त पतंग सापडले की उपाय करायची वेळ झाली, असा ठोकताळा आहे. या आकड्याला मराठी माहितीपत्रकांत बहुतेक ठिकाणी 'आर्थिक नुकसानीची पातळी' म्हणतात.

पहिल्या वर्षी सल्लागार समितीसमोर माझं सादरीकरण होतं. मी स्लाइडवर 'इकॉनॉमिक थ्रेशोल्ड' आणि 'इकॉनॉमिक इन्ज्युरी लेव्हल' हे दोन शब्द एकाच अर्थानं वापरले होते. एका सरांनी शांतपणे विचारलं, "या दोन्हींत फरक काय?" मला सांगता आलं नाही. माझ्या डोक्यात दोन्हींसाठी मराठी शब्द एकच होता आणि इंग्रजी शब्दांकडे मी कधी नीट थांबून बघितलंच नव्हतं. गंमत म्हणजे ज्या पेपरात हा फरक पहिल्यांदा नीट मांडला गेला, तो १९५९ चा स्टर्न आणि सहकाऱ्यांचा पेपर, माझ्या संदर्भसूचीत होता. मी तो 'वाचला' होता.

फरक साधा आहे. किडींची संख्या ज्या पातळीला पोचली की होणारं नुकसान फवारणीच्या खर्चाइतकं होतं, ती इन्ज्युरी लेव्हल. थ्रेशोल्ड त्याच्या खालची, म्हणजे तिथवर संख्या जाऊ नये म्हणून हात उचलायची वेळ. एक नुकसानीची रेघ आणि दुसरी तिच्या अलीकडची इशाऱ्याची रेघ.

ही फक्त माझी शब्दांची चूक असती तर इथे लिहिली नसती. त्यानंतर काही महिन्यांनी देवळी तालुक्यात प्रश्नावली घेऊन फिरत होते. एका काकांना मी विचारलं, "आर्थिक नुकसानीची पातळी गाठल्यावर तुम्ही फवारणी करता का?" ते म्हणाले, "म्हणजे नुकसान झाल्यावर फवाराचं का मंग? तोवर बोंडात काय राह्यते?"

बरोबर होतं त्यांचं. सरांनी एसीच्या खोलीत जो फरक विचारला, तोच काकांनी बांधावर दाखवला. मधे मी होते, दोन्ही भाषा 'येणारी', आणि दोन्हींत तो फरक मला दिसला नव्हता.

म्हणून मी म्हणते, "इंग्रजी कच्चं आहे" हे निदान अर्धवट आहे. माझं बोलणं, व्याकरण, स्पेलिंग ठीक होतं, बारावीला इंग्रजीत मार्कही बरे होते. कच्ची होती ती शब्दावर थांबून, त्याचा नेमका अर्थ काढून, तो आपल्या भाषेत मांडता येतो का हे तपासायची सवय. ती सवय लागायची जागा म्हणजे हायस्कूल आणि अकरावी-बारावी. तर बघू, हे पुस्तक ती लावतं का.

पुस्तकात काय आहे

बालभारतीचं बारावीचं 'इंग्लिश युवकभारती' २०२० मध्ये आलं. चार भाग आहेत: गद्य, पद्य, लेखनकौशल्यं आणि कादंबरी. गद्यात आर. के. नारायण, ओ. हेन्री, व्हर्जिनिया वुल्फ, पिको अय्यर आहेत. पद्यात व्हिटमन, बायरन यांच्यासोबत सरोजिनी नायडू, दिलीप चित्रे आणि अरुणाचलच्या ममांग दई आहेत. म्हणजे इंग्रजी म्हणजे फक्त इंग्रजांची भाषा हा जुना समज पुस्तकानं सोडलाय. हे मला मनापासून आवडलं.

दोन धडे तर आपल्या अगदी जवळचे. किरण पुरंदरे यांचा 'इन्टू द वाइल्ड' हा नागझिऱ्याच्या जंगलातला अनुभव. नागझिरा आपल्याच विदर्भातलं. आणि 'व्हॉयेजिंग टुवर्ड्स एक्सलन्स' हा अच्युत गोडबोले यांचा धडा. सोलापुरातून मराठी माध्यमात शिकून आयआयटी मुंबईला गेलेला आणि पुढे मराठीत विज्ञानावर, अर्थशास्त्रावर जाडजूड पुस्तकं लिहिणारा माणूस. दोन भाषांत काम कसं करायचं याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको.

पण सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं ते तिसऱ्या भागाचं. सारांशलेखन, टिपणं काढणं, माइंड मॅपिंग, स्टेटमेंट ऑफ पर्पज, गटचर्चा. मित्रांनो, ही यादी पुन्हा वाचा. पीएचडीच्या पहिल्या वर्षाच्या कोर्सवर्कमध्ये आपल्याला जे शिकवतात, त्यातलं निम्मं इथे सतरा वर्षांच्या मुलांच्या पुस्तकात आहे. लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे शेवटी काय? टिपणं आणि सारांश. पुस्तक लिहिणाऱ्यांना पुढे काय लागतं ते नीट माहीत होतं.

मग अडतं कुठे?

तीन ठिकाणी अडतं

पहिली जागा व्याकरणाची. वाक्याचा प्रयोग बदला, 'टू' काढून लिहा, 'नॉट ओन्ली बट ऑल्सो' वापरून लिहा. आपण सगळ्यांनी हे शेकडो वेळा केलंय. पण कर्मणी प्रयोग का वापरायचा, हे आपल्याला कुणी सांगितलं? पेपरच्या 'मेथड्स' विभागात जवळजवळ प्रत्येक वाक्य कर्मणीत का असतं? कारण तिथे बोंडं कुणी तोडली याला महत्त्व नाही, ती कशी, किती, कुठून तोडली याला आहे. आणि 'डिस्कशन'मध्ये लेखक एकदम 'आम्ही असं मानतो' असं कर्तरीत का लिहितो? कारण तिथे जबाबदारी कुणाची हे सांगायचं असतं. प्रयोग बदलला की वाक्याचा रोख बदलतो. आपण मात्र तो गणितातल्या समीकरणाची बाजू बदलावी तसा बदलायला शिकलो. उत्तर बरोबर, अर्थ गायब.

दुसरी जागा धड्यांच्या निवडीची. अख्ख्या गद्यविभागात विज्ञान-तंत्रज्ञानाशी थेट संबंध असलेला धडा म्हणजे 'बिग डेटा – बिग इनसाइट्स'. तो माहिती देतो, चांगली देतो. पण ज्यात कुणीतरी दावा केलाय, त्यासाठी पुरावा दिलाय, आणि "असं असू शकतं, पण खात्री नाही" असं म्हणून एक पाऊल मागे घेतलंय, असा धडा मला सापडला नाही. संशोधनाचं इंग्रजी म्हणजे मुख्यतः हेच मागे घेतलेलं पाऊल. 'शोज', 'सजेस्ट्स', 'मे बी असोसिएटेड विथ' यांत उतरत जाणारी खात्री असते. ती पायरी ओळखता आली नाही की आपण दुसऱ्याचा अंदाज स्वतःच्या सिनॉप्सिसमध्ये सिद्ध झालेली गोष्ट म्हणून लिहून टाकतो. मी तपासलेल्या ज्युनिअर्सच्या सिनॉप्सिसमध्ये सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच आहे.

गंमत म्हणजे चौथ्या भागात शेरलॉक होम्स आहे. 'द साइन ऑफ फोर'. पुराव्यावरून निष्कर्ष कसा काढायचा याचा याहून मजेदार धडा कुठे मिळणार? पण परीक्षेत कादंबरीवर प्रश्न येतात ते पात्र, कथानक, स्थळ यांवर. होम्सनं कोणत्या पुराव्यावरून काय काढलं आणि त्या पुराव्यावरून आणखी वेगळं काय निघू शकलं असतं, असा एक प्रश्न विचारला असता तर मुलांना गृहीतक म्हणजे काय ते बारावीतच कळलं असतं.

तिसरी जागा पुस्तकाच्या बाहेरची आहे, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. बोर्डाची लेखी परीक्षा ८० मार्कांची, तोंडी आणि अंतर्गत मिळून २०. प्रश्नपत्रिकेचं नाव बदलून कृतिपत्रिका झालं. विचार चांगला होता, पाठांतर कमी व्हावं. पण कृतींचा साचा ठरला की गाईडवाले साच्यासकट उत्तरं छापतात. सारांश कसा लिहायचा याचा साचा, कवितेच्या रसग्रहणाचा साचा, स्टेटमेंट ऑफ पर्पजचासुद्धा साचा! 'मला हा अभ्यासक्रम का करायचा आहे' हे प्रत्येकाचं वेगळं असायला हवं ना? माझ्या बहिणीकडच्या गाईडमध्ये ते तयार आहे, फक्त नाव टाकायचं.

आणि त्यात सायन्सच्या मुलांचा हिशोब तर उघडच आहे. नीटमध्ये फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी. सीईटीत गणित किंवा बायोलॉजी. इंग्रजीचा पेपर पास होण्यापुरता. ज्या विषयावर पुढचं काही अवलंबून नाही तो कोण मनापासून वाचेल? त्यामुळे पुस्तकात जे उत्तम आहे ते कोरंच राहतं.

ओळखीचे शब्द दगा देतात

याचा परिणाम काय होतो ते ठोस उदाहरणांनी बघू. पेपर वाचताना आपल्याला अनोळखी शब्दांची भीती वाटते. 'डायपॉज' आला की आपण शब्दकोश उघडतो, सुप्तावस्था असा अर्थ कळतो, विषय संपला. घात करतात ते ओळखीचे शब्द, कारण तिथे आपण थांबतच नाही.

'सिग्निफिकंट' म्हणजे शाळेत महत्त्वाचा. पेपरात त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की काहीच परिणाम नसता तर केवळ योगायोगानं इतका फरक दिसण्याची शक्यता ठरवलेल्या मर्यादेपेक्षा कमी आहे. फरक सिग्निफिकंट असूनही इतका बारीक असू शकतो, की शेतकऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही.

'कंट्रोल' म्हणजे नियंत्रण. पेपरात कंट्रोल प्लॉट म्हणजे ज्यावर प्रक्रिया केली नाही, तुलनेसाठी ठेवलेला प्लॉट. माझ्या एका मैत्रिणीनं एमएस्सीत याचा अर्थ 'कीड नियंत्रण केलेला प्लॉट' असा घेतला होता. अख्खा तक्ता उलटा वाचला.

'रेझिस्टन्स' म्हणजे प्रतिकारशक्ती. पण बीटी कपाशीला बोंडअळीचा रेझिस्टन्स आला म्हणजे एकेका अळीची तब्येत सुधारली असं नाही. विष पचवू शकणाऱ्या अळ्या वाचल्या, त्यांचीच पिल्लावळ वाढली, म्हणून पिढ्यांमागून पिढ्या संख्येत तो गुण पसरला. 'प्रतिकारशक्ती' हा शब्द डोक्यात ठेवून वाचलं की ही निवडीची सगळी प्रक्रियाच नजरेआड होते.

'एरर' म्हणजे चूक नव्हे. 'पॉप्युलेशन' म्हणजे लोकसंख्या नव्हे. तुमच्या विषयातले असे दहा शब्द तुम्ही आजच काढू शकता.

वर्ध्याचं उत्तर

आता तुमच्यापैकी काही जण म्हणतील, मग सगळंच मराठीत शिकवा ना. हे उत्तर नवीन नाही. आपल्याच गावात दिलं गेलंय.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि त्याच वर्षी डिसेंबरात तिचा अहवाल आला. हीच वर्धा योजना, म्हणजे नई तालीम. सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी मातृभाषेतून शिक्षण, एक हस्तोद्योग, गणित, सामान्य विज्ञान, समाजशास्त्र, संगीत, चित्रकला, हिंदुस्तानी. इंग्रजी नाही. पुढच्या वर्षी गांधीजींनी 'हरिजन'मध्ये स्वतःचा अनुभव सांगितला: भूमिती, बीजगणित, रसायनशास्त्र शिकायला इंग्रजीमुळे जी चार वर्षं गेली, ते सगळं गुजरातीतून एका वर्षात झालं असतं.

लहानपणापासून सेवाग्रामला सहली काढून आपण चरखा बघून परत येतो, पण हा मुद्दा कुणी समजावत नाही. सायन्सची विद्यार्थिनी म्हणून मला तो आज पटतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीत शिकलेली 'घनता' मला अजून हातात घेतल्यासारखी कळते. अकरावीत एकदम इंग्रजीत आलेली 'एन्ट्रॉपी' मला एमएस्सीपर्यंत फक्त पाठ होती. संकल्पना पहिल्यांदा ज्या भाषेत हाताला लागते ती आपली भाषा असावी, हे वर्धा योजनेचं म्हणणं बरोबर होतं.

पण योजना चौदाव्या वर्षी थांबते, म्हणजे आजच्या आठवीशी. आपली अडचण नेमकी तिथूनच सुरू होते. आठवीनंतर ज्याला रसायनशास्त्र किंवा कीटकशास्त्र करायचंय, त्यानं इंग्रजीत काय आणि कसं वाचायचं? त्याचं उत्तर योजनेत नव्हतं. कॉलेजचं दार तर इंग्रजीच राहिलं. मग ज्यांना परवडलं त्यांनी मुलांना दुसऱ्या शाळांत घातलं आणि नई तालीम ही गरिबांची शाळा ठरत गेली. २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं, सेमी-इंग्रजीचे वर्ग वाढले. एका टोकाला इंग्रजी वजा, दुसऱ्या टोकाला इंग्रजी लवकरात लवकर. मधला प्रश्न, म्हणजे हायस्कूलमध्ये इंग्रजी कशासाठी वाचायचं, दोन्हीकडे तसाच राहिला.

२०२५ मध्येही आपण हेच बघितलं. एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय, मोठा विरोध, २९ जूनला निर्णय मागे. विरोधाची कारणं खरी होती. पण त्या दोन-अडीच महिन्यांत चर्चा झाली ती कोणती भाषा आणि कितवीपासून, यावरच. त्या भाषेतून मुलगा काय वाचू शकेल, हे फार कमी जणांनी विचारलं.

आणि जर्मन, जपानी?

"पीएचडीला परदेशी भाषा शिकावी का?" हाही नेहमीचा प्रश्न. इथे मला मेघनाद साहांची गोष्ट सांगायची आहे.

साहा ढाका कॉलेजात इंटरमिजिएट सायन्सला होते, म्हणजे आजच्या अकरावी-बारावीला. खेड्यातून आलेला, हातात पैसा नसलेला मुलगा. तिथे त्यांनी जादा विषय म्हणून जर्मन घेतलं. व्हिएन्नाहून रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आलेले एक प्राध्यापक ते शिकवत. १९१९ च्या सुमारास कलकत्त्यात एका जर्मन नियतकालिकात त्यांनी एगर्ट यांचा ताऱ्यांमधल्या आयनीभवनावरचा पेपर वाचला. त्यातली उणीव त्यांच्या लक्षात आली. ती भरून काढताना १९२० मध्ये जे आलं ते साहा समीकरण. ताऱ्यांचं तापमान आणि त्यांचा वर्णपट यांची सांगड घालणारं, आजही शिकवलं जाणारं. त्याच वर्षी साहा आणि सत्येंद्रनाथ बोस यांनी आइन्स्टाइन आणि मिन्कोव्हस्की यांचे सापेक्षतेवरचे मूळ जर्मन निबंध इंग्रजीत आणले आणि कलकत्ता विद्यापीठानं ते छापले. पुढे १९४८ मध्ये बोस यांनी बंगालीतून विज्ञान पोचवण्यासाठी वंगीय विज्ञान परिषद काढली. जर्मन वाचायचं, इंग्रजीत लिहायचं, बंगालीत समजावायचं. तीन भाषा आणि तिन्हींना वेगळं काम.

साहांनी जर्मन घेतलं कारण त्या काळात भौतिकशास्त्र जर्मनमध्ये घडत होतं. आज शहरातल्या ज्युनिअर कॉलेजांत जर्मन-फ्रेंच घेणाऱ्या मुलांना विचारा. बहुतेकांचं उत्तर एकच, मार्क चांगले पडतात. आमच्या कॉलेजात परदेशी भाषा नव्हतीच. मराठी, हिंदी किंवा त्याऐवजी आयटी. हुशार मुलं मराठी सोडायची. मीही सोडली, आणि त्याची किंमत त्या काकांसमोर मोजली.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये माध्यमिक टप्प्यावर कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन अशी यादी आहे. आधीच्या मसुद्यात चिनीही होती, अंतिम धोरणात दिसत नाही. पण मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनचा पहिला शोधनिबंध १९७७ मध्ये चिनी भाषेतच छापला गेला होता, आणि तू यूयू यांना २०१५ मध्ये नोबेल मिळालं. भाषेची निवड शेजाऱ्याशी संबंध कसे आहेत यावर ठरली की असं होतं. वर्ध्यातलं उदाहरण बघा: आपल्या हिंदी विश्वविद्यालयात चिनी, जपानी, स्पॅनिश, फ्रेंच शिकवतात आणि परदेशी मुलं हिंदी शिकायला येतात. त्याच गावातल्या हायस्कूलच्या मुलाला मात्र ते आपल्यासाठी आहे असं वाटतही नाही.

माझं मत सरळ सांगते. सायन्सच्या बहुतेक विषयांत आज इंग्रजी पुरतं. परदेशी भाषा विषयाच्या गरजेप्रमाणे शिका. वनस्पतींच्या वर्गीकरणात काम करणार असाल तर थोडी लॅटिन लागेल, कारण २०११ च्या अखेरपर्यंत नव्या प्रजातीचं अधिकृत वर्णन लॅटिनमध्येच द्यावं लागे, आणि ती जुनी वर्णनं अजून वापरात आहेत. रेझ्युमेवर एक ओळ वाढावी म्हणून शिकू नका, तो वेळ सांख्यिकीला द्या.

आता काय करायचं

स्पोकन इंग्लिशच्या क्लासचा प्रश्न होता. मुलाखतीची भीती असेल तर लावा, पण त्यानं पेपर कळणार नाही. त्यासाठी मी जे करते ते सांगते:

१. रोज एकच परिच्छेद. वाचून झाल्यावर पेपर बंद करा आणि मराठीत दोन वाक्यांत लिहा. वर्ग घेतल्यासारखी मराठी नको, घरी आईला सांगाल तशी. जिथे मराठी शब्द सुचत नाही, तिथे बहुतेक वेळा संकल्पनाच कळलेली नसते.

२. ओळखीच्या पण दगा देणाऱ्या शब्दांची वही करा. शब्द, शाळेतला अर्थ, माझ्या विषयातला अर्थ, एक उदाहरण. माझ्या वहीत सध्या बासष्ट शब्द आहेत. पहिला 'थ्रेशोल्ड'.

३. डिस्कशन वाचताना क्रियापदांखाली रेघ मारा. लेखक किती खात्रीनं बोलतोय ते तिथे कळतं. तुमच्या वाक्यात त्याच्यापेक्षा जास्त खात्री नको.

४. बारावीचं इंग्रजी पुस्तक घ्या, बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ मिळते. सारांश आणि टिपणांचे पाठ पुन्हा करा, पण उतारा स्वतःच्या विषयातला घ्या. यात लाज वाटायचं काही नाही.

५. फील्डवर्क असेल तर प्रश्नावली आधी तीन-चार लोकांना वाचून दाखवा. त्यांना प्रश्न कसा कळला ते त्यांनाच सांगायला लावा.

माझ्या प्रश्नावलीत आता तो प्रश्न असा आहे: "सापळ्यात किती पतंग दिसले की तुम्ही फवारायचं ठरवता?" प्रबंधात मी थ्रेशोल्डसाठी 'इशारा पातळी' असा शब्द वापरायचं ठरवलंय. मार्गदर्शकांना तो अजून पूर्ण पटलेला नाही, वाद चालू आहे. तुम्हाला याहून चांगला शब्द सुचला तर जरूर कळवा.

बहिणीला मी नागझिऱ्याचा धडा वाचायला लावला. मार्कांसाठी नाही, असं आधीच सांगितलं. अर्ध्या तासानं तिनं विचारलं, "ताई, हा माणूस एवढे दिवस जंगलात राहून लिहून काय ठेवत असन?" मी तिला माझी फील्डची वही दाखवली. पुढच्या लेखात त्याच वहीबद्दल लिहीन: शेतातल्या नोंदी कशा ठेवायच्या, आणि कोणत्या भाषेत.